क्रेमलिन, देतिनेत्स आणि आपला बालेकिल्ला

प्रश्न एका अनुवादकाचा आहे. रशियातल्या वेलिकी नोव्हगोरोद या शहरातल्या मध्ययुगीन चर्चांवरचा लेख मराठीत आणताना ‘नोव्हगोरोद क्रेमलिन’ला काय म्हणावे? ‘क्रेमलिन’ तसेच ठेवले तर वाचक थेट मॉस्कोला पोचतो. मग ‘राजवाडा’ म्हणावे की ‘किल्ला’? आणि त्याच्या आतल्या मुख्य चर्चला ‘संत सोफियाचे चर्च’ म्हटलेले चालेल का?

माझे मत आधीच सांगून टाकतो. ‘बालेकिल्ला’ म्हणा. ‘राजवाडा’ मुळीच नको आणि ‘संत सोफिया’ तर त्याहून नको.

मुळात क्रेमलिन हे सामान्यनाम आहे. शहराच्या पोटातला तटबंदीचा भाग म्हणजे क्रेमलिन. कझान, तुला, कोलोम्ना, आस्त्राखान या सगळ्या शहरांना आपापले क्रेमलिन आहे. रशियन माणूस त्याला ‘क्रेम्ल’ म्हणतो, शेवटचा ल अगदी मऊ. आपण लावतो ती ‘-इन’ची शेपटी पश्चिम युरोपातल्या भाषांनी जोडलेली, इंग्रजीतून आपल्याकडे आलेली. पुढे वर्तमानपत्रांत ‘क्रेमलिनचा इशारा’, ‘क्रेमलिनचे मौन’ असे छापून येऊ लागले आणि शब्द एका जागेला व एका सत्तेला चिकटून बसला. आता तो सोडवणे अवघड आहे, म्हणून मॉस्कोपुरता तो राहू द्यावा. दुसऱ्या शहरासाठी वापरायचा तर दरवेळी खुलासा करावा लागतो.

नोव्हगोरोदच्या बाबतीत सुदैवाने त्याहून जुना शब्द हाताशी आहे, आणि गावचे लोक तो अजून वापरतात: देतिनेत्स. प्राचीन रशियन नगरांत आतल्या कोटाला हेच नाव होते. ‘क्रेम्ल’ मागाहून रूढ झाला. व्होल्खोव्ह नदीच्या डाव्या काठावरच्या या कोटाचा उल्लेख बखरींत १०४४ सालापासून सापडतो. आज दिसते ती लाल विटांची तटबंदी मात्र १४८४ ते १४९० या काळातली. शहर मॉस्कोच्या ताब्यात गेल्यावर तिथला राज्यकर्ता तिसरा इव्हान याने ती बांधून घेतली. तिचे नऊ बुरूज अजून उभे आहेत.

‘राजवाडा’ का नको, याचे कारण इतिहासात आहे. या कोटात राजा राहतच नव्हता. ११३६ साली नोव्हगोरोदकरांनी आपल्या राजपुत्राला, व्सेवोलोदला, हाकलून दिले. त्यानंतर राजपुत्र बोलावायचा, त्याच्याशी करार करायचा आणि पटले नाही की वाटेला लावायचा, असा त्यांचा रिवाज झाला. हा निर्णय नागरिकांची सभा घेई. तिला ‘वेचे’ म्हणत. राजपुत्राचा मुक्काम शहराबाहेर दक्षिणेला, गोरोदिश्चे या ठिकाणी. देतिनेत्समध्ये सत्ता होती आर्चबिशपची. त्याचा वाडा तिथे, शहराची तिजोरी तिथल्या सोफिया चर्चमध्ये. १४३३ साली आर्चबिशप येव्फिमीने जर्मन कारागीर बोलावून बांधलेली दगडी वास्तू आजही आत उभी आहे. अशा जागेला राजवाडा म्हटले, तर ज्याला वेशीबाहेर ठेवले होते त्यालाच आपण अनुवादातून आत आणून बसवतो! १४७८ साली तिसऱ्या इव्हानने वेचेची घंटा उतरवून मॉस्कोला नेली, तेव्हा हा कारभार संपला.

आता बालेकिल्ला. यावर दोन आक्षेप येतील असे दिसते.

पहिला उंचीचा. बालेकिल्ला म्हणजे गडाच्या माथ्यावरचा, राजगडासारखा, आणि नोव्हगोरोद तर सपाटीवर. मग ‘भुईकोट’ का म्हणू नये? व्युत्पत्ती आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूने आहे. यातला ‘बाला’ फारसी, अर्थ ‘वरचा’. बालाघाटातला तोच, गोवळकोंड्याच्या बालाहिसारातलाही तोच. पण ‘भुईकोट’ हा शब्द किल्ला कशावर आहे ते सांगतो. इथे सांगायचे आहे ते, तो कशाच्या आत आहे. देतिनेत्सभोवती शहर, आणि त्या शहराभोवती आणखी एक तटबंदी होती. तिचे मातीचे बांध अजून दिसतात. कोटातला कोट यासाठी मराठीत बालेकिल्ल्यासारखा दुसरा शब्द मला तरी दिसत नाही. शिवाय त्याची उंचीची अट केव्हाच सुटली आहे. निवडणुकीच्या बातम्यांत अमुक मतदारसंघ कोणाचा बालेकिल्ला हे वाचताना कोणी डोंगर शोधत नाही.

दुसरा आक्षेप खरे तर आक्षेप नाही, गंमत आहे. ‘देतिनेत्स’ या शब्दात रशियन कानाला ‘देती’ म्हणजे मुले ऐकू येतात, आणि ‘बालेकिल्ल्या’त मराठी कानाला बाळ. त्यामुळे दोन्ही शब्द एकाच कल्पनेतून निघाले असावेत असे कोणी तरी म्हणणारच. आपल्याकडचा ‘बाल’ हा निव्वळ भास आहे हे वर आलेच. रशियन शब्दाचे कोडे मात्र सुटलेले नाही. वेढा पडला की बायकामुलांना आत घेत म्हणून देतिनेत्स, असे काहींचे मत. राजपुत्राच्या पदरचे तरुण शिपाई तिथे राहत म्हणून, असे दुसऱ्यांचे. ‘ठेवणे’ अर्थाच्या ‘देत्’ या क्रियापदाशीही काही जण तो जोडतात. ते क्रियापद संस्कृत ‘धा’ धातूचे भावंड आहे. ही शेवटची वाट मला आवडते, पण आवड म्हणजे पुरावा नव्हे.

लेखात पहिल्यांदा ‘नोव्हगोरोदचा बालेकिल्ला, देतिनेत्स’ असे लिहावे आणि पुढे नुसते ‘देतिनेत्स’. वाचकाला विशेषनाम पेलते.

सोफियाचे उत्तर छोटे आहे. या नावाची संत झाली हे खरे; रशियन परंपरेत श्रद्धा, आशा आणि प्रेम अशा अर्थाच्या नावांच्या तीन मुलींची ती हुतात्मा आई. पण १०४५ ते १०५० या काळात राजपुत्र व्लादिमिर यारोस्लाविचने बांधवलेले हे चर्च तिचे नाही. इथली सोफिया म्हणजे ग्रीक भाषेतली ‘प्रज्ञा’, ईश्वराची पवित्र प्रज्ञा. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियातली. कीव्ह आणि पोलोत्स्क इथेही अकराव्या शतकात त्याच नावाची चर्चे उभी राहिली. नोव्हगोरोदच्या धर्मचित्रात ही प्रज्ञा सिंहासनावर बसलेल्या, अग्नीसारख्या लाल चेहऱ्याच्या देवदूताच्या रूपात येते. इंग्रजीतल्या ‘सेंट’मुळे आपण फसतो. ‘पवित्र सोफिया’ किंवा सरळ ‘सोफिया कॅथीड्रल’ लिहावे.

प्रश्नात नसलेली एक गोष्ट विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. या शहरातल्या चर्चांच्या नावांना जागेची शेपटी असते, आणि इंग्रजीतून येताना तिचे लांबलचक वाक्य होते. आपण ‘तळ्यातला गणपती’ म्हणतो त्याच चालीवर ती मराठीत सहज बसते. १३६०-६१चे फ्योदोर स्त्रातिलात या संताचे चर्च हे ‘ओढ्यावरचे’. १३७४चे स्पास, म्हणजे तारणहाराचे चर्च, ‘इल्यिना रस्त्यावरचे’. फेओफान ग्रेक या बायझंटाइन चित्रकाराने १३७८ साली काढलेली भित्तिचित्रे तिथेच आहेत. १२०७ साली व्यापाऱ्यांनी बांधलेले पारास्केवा पियात्नित्सा या संत स्त्रीचे चर्च ‘बाजारातले’. पारास्केवा म्हणजे ग्रीकमध्ये शुक्रवार आणि पियात्नित्सा म्हणजे रशियनमध्येही शुक्रवारच, तेव्हा तिथे भाषांतराच्या फंदात पडू नये.

लिपीविषयी: ‘नोवगोरोड’ असे ड घालून लिहू नये. रशियन द दंत्य आहे, म्हणून ‘नोव्हगोरोद’. नावातला ‘नव’ आपलाच आहे आणि ‘गोरोद’ म्हणजे शहर. ‘वेलिकी’ म्हणजे थोर. ते विशेषण १९९९ साली अधिकृत नावात आले, कारण व्होल्गाकाठी निझ्नी नोव्हगोरोद हे वेगळे आणि कितीतरी मोठे शहर आहे. त्यालाही लाल विटांचे क्रेमलिन आहे, तेव्हा लेखाला छायाचित्र जोडताना ते कोणत्या नोव्हगोरोदचे आहे हे तपासून घ्यावे.