नेपाळात पामची झाडं नाहीत, मग तेल कुठून येतं?

प्रश्न: साफ्टा करार (दक्षिण आशियाई देशांचा आपापसातला मुक्त व्यापार करार) होऊन इतकी वर्षं झाली, शेजाऱ्यांशी आपला मुक्त व्यापार आहे म्हणतात. मग नेपाळहून येणाऱ्या खाद्यतेलावरून दर थोड्या दिवसांनी बोंबाबोंब का होते? एवढासा देश, विकलं चार टँकर तेल तर बिघडलं कुठे?

उत्तर: अहो, तेल नेपाळचं असतं तर काहीच बिघडलं नसतं! करार झाला २००४ ला इस्लामाबादेत आणि लागू झाला २००६ पासून, पण त्यात ड्युटी (आयातीवरचा कर) कमी झाली ती फक्त आपापसातली. बाहेरच्या देशांवर किती ड्युटी लावायची हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि खरी मेख इथेच आहे. समजा मलेशियाच्या पामतेलावर आपल्याकडे ड्युटी भरपूर आणि नेपाळात कमी, तर व्यापारी ज्या दारात कमी पैसे पडतात त्याच दारातून आत येणार ना. म्हणजे कच्चं तेल जहाजाने कोलकाता नाहीतर हल्दियाला उतरतं, ट्रान्झिटचा (म्हणजे इथून फक्त पुढे जाणारा) माल म्हणून आपल्याच रस्त्यांवरून नेपाळातल्या बिरगंज, विराटनगरला जातं, तिथे रिफाइंड होतं आणि पुन्हा बॉर्डर ओलांडून ड्युटी न भरता आपल्याकडे. एकच तेल आपल्या देशातून दोनदा जातं, गंमतच आहे!

आता यावर उपाय करारातच आहे, त्याला रूल्स ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशाचा हे ठरवायचे नियम) म्हणतात. नेपाळसारख्या अल्पविकसित देशाने मालाच्या किमतीत निदान ३० टक्के भर स्वतःची घातली पाहिजे आणि मालाचं कस्टम्समधलं वर्गीकरणही बदललं पाहिजे, तरच तो नेपाळचा माल. पण नुसतं रिफाइन करून खरंच ३० टक्के भर पडते का, की बिलावर पाडली जाते, भांडण त्यावरूनच असतं. त्यात २०११ मध्ये भारताने अल्पविकसित देशांसाठीची सेन्सिटिव्ह लिस्ट (ज्या वस्तूंना सवलत नाही त्यांची यादी) फक्त २५ वस्तूंवर आणली, त्यात मुख्यतः दारू आणि तंबाखू, तेल नाहीच. माझ्या मते तो निर्णय चांगलाच होता, फक्त पळवाट कोणी बघितली नाही.

मग जानेवारी २०२० मध्ये सरकारने रिफाइंड पामतेलाची आयात रिस्ट्रिक्टेड केली, म्हणजे परवान्याशिवाय आणता येणार नाही अशी. रोख मलेशियावर होता असं तेव्हा बोललं गेलं, पण फटका नेपाळलाही बसला. सप्टेंबर २०२४ ला आपण खाद्यतेलावरची ड्युटी वाढवली आणि नेपाळहून सोयाबीन तेल जोरात यायला लागलं, म्हणजे पाम जाऊन सोयाबीन आलं, बाकी खेळ तोच.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे २१ सप्टेंबर २०२० पासून नियम कडक झालेत, आता आयातदाराने माल कुठल्या देशाचा याचं नुसतं सर्टिफिकेट पुढे करून भागत नाही, माल कुठे आणि कसा बनला याची माहिती त्याच्याकडेही असावी लागते आणि कस्टम्सने विचारली की द्यावी लागते.