हॅवरफर्ड, ब्रिन मॉर की स्वॉर्थमोर? मुलीसाठी कोणतं कॉलेज निवडावं?

तुम्ही लिहिलंय की मुलीला तिन्हीकडे प्रवेश मिळालाय, तिला गणित मनापासून आवडतं, इंजिनीअरिंगचा विचार अजून पुरता सुटलेला नाही, आणि 'मुलींचं कॉलेज' म्हणून घरात ब्रिन मॉरचं नाव मागे पडतंय. मी ब्रिन मॉरलाच गणित शिकले. बरेचसे वर्ग हॅवरफर्डला केले, एक कोर्स स्वॉर्थमोरला. म्हणून क्रमवारीचे आकडे बाजूला ठेवते आणि जवळून पाहिलेलं तेवढं सांगते.

तिन्ही कॉलेजं अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत, तिन्हींची मुळं ख्रिस्ती धर्मातल्या क्वेकर पंथात, आणि प्रत्येकी विद्यार्थी साधारण १,४०० ते १,७००. शिकवणारे प्राध्यापकच असतात, तुमची मुलगी दुसऱ्या आठवड्यात त्यांना नावानिशी माहीत असेल. दर्जाच्या बाबतीत डावं-उजवं करायला जाऊ नका. तिथे परीक्षा कशा होतात ते बघा, त्यावरून प्रत्येक कॉलेजचा स्वभाव कळतो.

हॅवरफर्डला (स्थापना १८३३) सगळा कारभार ऑनर कोडवर, म्हणजे प्रामाणिकपणावर विश्वास टाकणाऱ्या नियमावलीवर चालतो. सेमिस्टरच्या शेवटी बऱ्याच विषयांचा पेपर कधी द्यायचा ते तुम्हीच ठरवता. ठरलेल्या जागी जाऊन आपल्या नावाचा लिफाफा घ्यायचा, वर सुरुवातीची वेळ टाकायची, खोलीत बसून पेपर लिहायचा, वेळ संपली की लिफाफा बंद करून परत द्यायचा. पर्यवेक्षक नाही. बारावीला भरारी पथकाच्या धाकात पेपर लिहिलेल्या मला पहिल्यांदा तिथे बसल्यावर फार वेगळं वाटलं होतं. खोलीत इतरही मुलं होती, प्रत्येकाचा पेपर वेगळा, आणि कुणी मान वर करून पाहत नव्हतं. हा कोड कॉलेजने लादलेला नाही. दरवर्षी विद्यार्थी सभा भरवून, चर्चा करून, मतदान घेऊन तो पुन्हा मंजूर करतात. कुणी तो मोडला तर प्रकरण आधी विद्यार्थ्यांच्याच मंडळापुढे जातं. आणखी एक रीत म्हणजे मार्कांची चर्चा करायची नाही. आपल्याकडे निकाल लागला की पहिला प्रश्न 'किती पडले?' तिथे तो कानावरच येत नाही. त्यामुळे अवघड गणितावर चौघं एकत्र बसतात तेव्हा कुणी काही हातचं राखून ठेवत नाही. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला प्रबंध मात्र लिहावाच लागतो.

(घरात क्रिकेटवेडं कुणी असेल तर त्याला सांगा, हॅवरफर्डला कॉलेजचा अधिकृत क्रिकेट संघ आहे आणि क्रिकेटवरच्या पुस्तकांचं खास ग्रंथालयही. अमेरिकेत हे दुर्मीळच.)

स्वॉर्थमोर (१८६४) वेगळ्या वळणाचं आहे. तिथला ऑनर्स कार्यक्रम १९२२ साली फ्रँक एडलॉट या अध्यक्षांनी ऑक्सफर्डच्या धर्तीवर सुरू केला. शेवटच्या दोन वर्षांत मोजक्या मुलांचे लांबलचक सेमिनार होतात आणि चौथ्या वर्षाच्या शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरच्या विद्यापीठांतले प्राध्यापक येतात. आपल्याकडे प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल यायचे, पण त्यांचं काम दहा मिनिटांत आटपायचं. इथे त्या विषयातला जाणकार माणूस लेखी पेपर काढतो, मग समोर बसून तुमच्या उत्तरांवर तुम्हाला बोलतं करतो. शिकवणारा आणि परीक्षक वेगळे असल्यामुळे सेमिनारमधले प्राध्यापक पूर्णपणे तुमच्या बाजूचे होऊन जातात. माझी एक मैत्रीण गणितात ऑनर्सला होती. आळीपाळीने फळ्यापाशी जाऊन सिद्धता मांडायची, मधल्या सुट्टीत मुलांनीच आणलेलं काहीतरी खायचं, आणि पुन्हा फळा. ती थकायची, पण त्या दिवसाची वाटही बघायची. ऑनर्स सगळेच घेत नाहीत, तरी अभ्यासाचा ताण सगळ्यांवर असतो. कोण किती रात्री जागलं याच्या गप्पा तिथे मी जास्त ऐकल्या. पहिल्या सेमिस्टरला श्रेणी नोंदवत नाहीत, फक्त उत्तीर्ण की नाही एवढंच, आणि नव्या मुलांना त्याचा खरंच आधार होतो. तिघांत इंजिनीअरिंगची स्वतःची पदवी फक्त इथे मिळते. तुमच्या बाबतीत हा मुद्दा सगळ्यात वजनदार ठरू शकतो.

आता ब्रिन मॉर. हे कॉलेज १८८५ साली सुरू झालं. त्या वेळी आनंदीबाई जोशी याच फिलाडेल्फियात वैद्यकीचं शिक्षण पूर्ण करत होत्या. स्त्रियांच्या कॉलेजांमध्ये पीएचडीपर्यंत शिकायची सोय सर्वात आधी इथे झाली. ॲबस्ट्रॅक्ट अल्जिब्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, जर्मन गणितज्ञ एमी नोदर यांना नाझी राजवटीने गटिंगन विद्यापीठातून काढून टाकलं; त्या १९३३ मध्ये इथे शिकवायला आल्या आणि १९३५ मध्ये वारल्या. त्यांच्या अस्थी जुन्या ग्रंथालयाच्या ओवरीत पुरल्या आहेत. त्याच चौकात दर हिवाळ्याआधी कंदिलांची रात्र होते, वरच्या वर्गातल्या मुली नव्यांना कंदील देतात आणि ग्रीक भाषेतली गाणी म्हणतात. ॲबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा शिकणाऱ्या मुलीसाठी त्या ओवरीतून रोज जाणं ही छोटी गोष्ट नाही. वर्गात फळ्यावर जाणारी, चुकणारी, भांडून आपला मुद्दा पटवणारी बहुतेक वेळा मुलगीच असते, आणि ही सवय पुढे कुठल्याही खोलीत उपयोगी पडते. माझ्या आत्मविश्वासाचं श्रेय मी त्या वर्गांना देते.

राहिली 'मुलींचं कॉलेज' ही शंका. ब्रिन मॉर आणि हॅवरफर्ड एकमेकांपासून जेमतेम मैलभर आहेत, मध्ये कॉलेजांची ब्लू बस ये-जा करते. एका ठिकाणी राहून दुसऱ्या ठिकाणचे वर्ग करता येतात, जेवता येतं, मेजरसुद्धा (पदवीचा मुख्य विषय) घेता येतो. माझ्या कित्येक वर्गांत हॅवरफर्डची मुलं होती. म्हणजे या दोघांतली निवड ही मुख्यतः कुठे राहायचं याची निवड आहे. स्वॉर्थमोर साधारण दहा मैलांवर. व्हॅन आहे आणि कोर्सही घेता येतात, पण प्रवासात दुपार मोडते. एखाद्या खास विषयासाठीच कुणी तेवढं करतं.

माझं मत विचाराल तर, इंजिनीअरिंगची शक्यता खरोखर जिवंत असेल तर स्वॉर्थमोर. ती फक्त 'असू दे, हाताशी पर्याय' म्हणून असेल, तर मी ब्रिन मॉर निवडेन आणि हॅवरफर्डचे वर्ग भरभरून घ्यायला सांगेन. घरून तपासून घ्यायची बाब एकच, आर्थिक मदतीच्या तिन्ही पत्रांत कर्ज किती आणि अनुदान किती ते वेगवेगळं मांडा, एकूण आकड्यावर जाऊ नका.

शक्य असेल तर प्रवेश पक्का करायच्या १ मेच्या मुदतीआधी मुलीला घेऊन जा. हॅवरफर्ड आणि ब्रिन मॉर एकाच रेल्वेमार्गावर, लागोपाठच्या टप्प्यात आहेत, एका सकाळीत दोन्ही होतात. स्वॉर्थमोरला दुसरी लाईन जाते, त्यासाठी शहरात परत येऊन गाडी बदलावी लागते, तेव्हा तो दिवस वेगळाच ठेवा. तिघांकडेही गणिताच्या एकेका वर्गात तिला बसू द्या, आणि तुम्ही बाहेर थांबा.