वाचकांचे प्रश्न: पाळक गेल्यावर घरच्यांचं काय?

प्रश्न: स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांपैकी एक पंथ) पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, घर, जमीन सगळं पदासोबत मिळायचं. मग पाळक वारला तर बायकामुलं कुठे जायची? त्यांच्यासाठी विमा होता म्हणतात, तो कसा चाले? (एक वाचक, मिरज)

उत्तर: पाळकाला राहायला मॅन्स, कसायला साधारण चार एकर ग्लीब (शिवाय एक घोडा नि दोन गायींपुरतं कुरण) आणि स्टायपेंड (मानधन) मिळे. यातलं मालकीचं काहीच नाही. तो गेला की नवा पाळक येणार, म्हणजे बिऱ्हाड हलवायचं. १६७२ च्या कायद्याने वारसांना सहा महिन्यांचा स्टायपेंड मिळे खरा, पण तेवढ्यावर किती दिवस निघणार?

दरवर्षी वर्गणी काढून विधवांना वाटणं, हा सोपा मार्ग. तो टिकत नाही. वर्गणीदार तेवढेच राहतात, विधवा मात्र पहिली काही वर्षं वाढतच जातात आणि प्रत्येकीचा वाटा घटतो. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेब्स्टर या एडिंबरोच्या दोन पाळकांनी म्हणून आधी मोजदाद केली: पाळक सुमारे ९३०, वर्षाला मरतात २७, त्यांतले १८ विधवा मागे ठेवतात. आकडेमोड तपासायला कॉलिन मॅक्लॉरिन हे गणिती होते. १७४४ मध्ये विधवांसाठीचा फंड सुरू झाला.

हप्त्याचे चार दर होते. सर्वांत कमी दर वर्षाला २ पौंड १२ शिलिंग ६ पेन्स. त्यावर विधवेला वर्षाला १० पौंड. सर्वांत वरचा ६ पौंड ११ शिलिंग ३ पेन्स, त्यावर २५ पौंड. विधवा नसेल, पण मुलं असतील, तर दहा वर्षांची रक्कम त्यांना. खरी मेख सक्तीत होती. अविवाहित पाळकालाही हप्ता चुकत नसे. त्याने कुरकुर केली असेल तर नवल नाही, पण ऐच्छिक ठेवलं असतं तर म्हातारे आणि आजारीच आधी धावले असते. सुरुवातीला विधवा थोड्या, तेव्हाची शिल्लक व्याजाने लावायची आणि पुढचा भार त्यावर पेलायचा. १७६५ साली गंगाजळी ५८,३४८ पौंड होईल असा अंदाज होता. भरली एक पौंड कमी.

प्रश्न: आजही घर मिळतं का?

उत्तर: चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये (हेच ते प्रेस्बिटेरियन चर्च) सहसा मिळतं, आणि कौन्सिल टॅक्सही (घरावरचा स्थानिक कर) तिथल्या चर्चची मंडळी भरते. अडचण निवृत्तीला येते, कारण आयुष्यभर स्वतःचं घर घेतलेलंच नसतं. त्यासाठी चर्चचा हाउसिंग अँड लोन फंड आहे. तो भाड्याने घर किंवा घरासाठी कर्ज देतो. त्याची चौकशी निवृत्तीच्या बऱ्याच आधी केलेली बरी.