एमपीएससीचा अभ्यास करताना अधिकारी झाल्याची स्वप्नं रंगवावीत का?
रंगवा, पण लाल दिव्याच्या गाडीची नकोत (तो दिवा २०१७ मध्येच उतरला); उद्या सकाळी सहाला अभ्यासिकेत बसून राज्यघटनेचं कोणतं प्रकरण उघडणार, पेन कुठे अडणार, मोबाइल कुठे ठेवणार, हे डोळ्यांसमोर आणा. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या फाम आणि टेलर यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग हेच सांगतो: परीक्षेआधी रोज काही मिनिटं स्वतःला अभ्यास करताना पाहणारे विद्यार्थी जास्त तास बसले, गुणही बरे मिळाले. नुसते चांगले गुण मिळाल्याचं चित्र पाहणारे मागे राहिले. मात्र तो प्रयोग एकाच मध्यसत्र परीक्षेपुरता होता. तीन-चार वर्षांच्या तयारीला तो जसाच्या तसा लागू होईलच असं नाही.