'पुनर्नामांतरण' हा काय प्रकार आहे?

वाशीच्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या ताईंनी त्यांच्याकडच्या सूचनाफलकाचा फोटो पाठवला आहे. फलकावर लिहिलंय, "भूगोल विभागाचे पुनर्नामांतरण करण्यात येऊन तो यापुढे भूगोल व भूमाहितीशास्त्र विभाग म्हणून ओळखला जाईल." (भूमाहितीशास्त्र म्हणजे जिओइन्फर्मेटिक्स.) त्या विचारतात, 'पुनर्नामांतरण' हा शब्द बरोबर आहे का? नसेल तर नामांतर लिहावं की पुनर्नामकरण?

बरोबर नाही, आणि एकाच शब्दात दोन ठिकाणी घसरला आहे. समासाच्या शेवटी 'अंतर' आलं की तिथे त्याचा अर्थ 'दुसरा' असतो. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, वेषांतर म्हणजे दुसरा वेष, तसं नामांतर म्हणजे दुसरं नाव. बदल त्यातच आला. त्याआधी 'पुनर्' लावलं की या विभागाचं नाव पूर्वीही एकदा बदललं होतं असा अर्थ निघतो. ताई म्हणतात, तसं काही झालं नव्हतं. शेवटचा 'ण' बहुधा हस्तांतरणाकडून उसना आलाय. हिंदीत नामांतरण असा शब्द आहे खरा, पण तो जमिनीच्या कागदपत्रांतला. आपला तलाठी त्याला फेरफार म्हणतो. भूगोल विभाग काही कुणाच्या सातबाऱ्यावर चढलेला नाही!

पुनर्नामकरण व्याकरणात बसतं, परिपत्रकांत रुळलंही आहे, त्याला चूक म्हणणार नाही. पण माझ्या कानाला तो शब्द घरचा वाटत नाही. नामकरण म्हणजे बारसं, ते एकदाच. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने सुनेचं नवं नाव लिहीत, तेव्हाही 'नाव बदललं' एवढंच म्हणत.

नामांतर हा शब्द मात्र महाराष्ट्रात जपून वापरावा लागतो. जुलै 1978 मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, मोर्चे निघाले, माणसं जिवाला मुकली आणि ठराव तसाच पडून राहिला. अखेर 14 जानेवारी 1994 ला विद्यापीठ 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' झालं. 'मराठवाडा' काढला नाही, त्या शब्दाच्या आधी नाव जोडलं, म्हणून शब्द आला नामविस्तार. चळवळ नामांतराची आणि दरवर्षी साजरा होतो तो नामविस्तार दिन. सोळा वर्षांची ओढाताण आणि शेवटची तडजोड या दोन शब्दांच्या मधल्या जागेत मावली आहे.

हा फरक ठाण्याहून रोज लोकल पकडणाऱ्याला एका स्टेशनावरून कळेल. 1996 मध्ये व्हीटीचं, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनसचं, छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, ते नामांतर. 2017 मध्ये त्यात 'महाराज' आलं, तो नामविस्तार. पुणे विद्यापीठाचं 2014 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, तोही विस्तारच. मुंबई विद्यापीठाची गंमत वेगळी. 1996 मध्ये इंग्रजीतलं 'बॉम्बे' गेलं, मराठीत मात्र ते आधीपासून मुंबईच होतं, त्यामुळे आपल्या भाषेत काहीच घडलं नाही. आणि व्हीजेटीआय या मुंबईच्या अभियांत्रिकी संस्थेने तर कमालच केली. 1997 मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली जाऊन वीरमाता जिजाबाई आल्या, पण आद्याक्षरं तीच राहिली. आतून पूर्ण नामांतर आणि तोंडावरचं नाव जसंच्या तसं.

नाव बदलण्याचा अधिकार कोणाकडे, तेही पाहायला हवं. राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांची नावं कायद्याच्या अनुसूचीत असतात, तिथे विधिमंडळच लागतं. पदवीचं नाव युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत बसावं लागतं. मुंबई विद्यापीठाच्या बीएमएम या माध्यमांच्या पदवीचं बीएएमएमसी झालं ते त्याच धबडग्यात, पोरं अजून बीएमएमच म्हणतात. विभागाचं किंवा अभ्यासक्रमाचं नाव त्या मानाने घरातलं काम. अभ्यास मंडळातून, म्हणजे सगळे म्हणतात त्या बीओएसमधून, प्रस्ताव निघतो, विद्या परिषदेपुढे जातो आणि पैशाचा नि पदांचा प्रश्न असला की व्यवस्थापन परिषद येते. अशा कामाला नामांतर म्हटलं की उगाच मोर्चाचा आवाज येतो.

नावाबरोबर दर्जाही बदलला तर वरचा एकही शब्द पुरत नाही. माटुंग्याचं यूडीसीटी 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग म्हणून सुरू झालं. 2002 मध्ये ते संस्था झालं आणि 2008 मध्ये अभिमत (डीम्ड) विद्यापीठ. पाटी बदलली तशी वस्तूही बदलली, म्हणून तिथे रूपांतर म्हणावं. जुने विद्यार्थी अजून यूडीसीटीच म्हणतात, ती गोष्ट वेगळी.

तर ताई, तुमच्या विभागात 'भूगोल' शाबूत आहे, पुढे 'भूमाहितीशास्त्र' जोडलंय. काटेकोर शब्द हवा असेल तर नामविस्तार. पण फलकासाठी मी तोही घेणार नाही. "भूगोल विभागाचे नाव आता 'भूगोल व भूमाहितीशास्त्र विभाग' असे करण्यात आले आहे," एवढं लिहा. 'पुनर्नामांतरण' जाईल आणि 'म्हणून ओळखला जाईल' हे इंग्रजीतून उतरलेलं शेपूटही जाईल. लोकांनी कोणत्या नावाने ओळखायचं, ते लोक ठरवतील. तुमच्याकडची मुलं बहुतेक 'जिओ'च म्हणत असणार.