विहिरीचं पाणी नितळ आहे, पण पिऊ का?

प्रश्न : आमच्या दिवाळे गावातल्या घरामागे जुनी विहीर आहे. पाणी नितळ, चवीला गोड. टीडीएस मीटर 310 दाखवतो. सासूबाई म्हणतात, ‘आम्ही हेच पिऊन वाढलो.’ प्यायला चालेल का? – एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : ताई, मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतो. 500 च्या आत म्हणजे खाडीचा खारेपणा शिरलेला नाही, एवढंच. जंतू त्याला दिसत नाहीत. प्रयोगशाळेत तीस वर्षं नमुने तपासले. सर्वांत फसवं पाणी नितळच असायचं.

सासूबाई खोटं बोलत नाहीत. पण तेव्हा शेजारी इतके शौचखड्डे होते का? आधी विहिरीपासून त्यांचं अंतर पाहा, मग विहिरीचा कठडा आणि भेगा.

निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा (कोल्ड्रिंकची धुतलेली नको), नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. 100 मिलीत ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) अजिबात नको. नायट्रेट (मैला, खतांतून पाण्यात उतरणारा क्षार) 45 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत हवं. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. घरात बाटलीवरचं बाळ असेल तर हे विसरू नका, नायट्रेट तान्ह्यांनाच जास्त घातक.

अहवाल येईपर्यंत विहिरीचं पाणी धुण्याभांड्यांना नको, फक्त झाडांना. पावसाळ्यात पुन्हा तपासा.