‘दूध बाधलं’ म्हणून पाजणं थांबतं तेव्हा

कापूस वेचणीचा हंगाम लागला की गावोगावच्या मातांच्या बैठकीत एकच प्रश्न फिरून फिरून येतो: “ताई, उनातून आल्यावर पाजाव का? तापलं दूध लेकराले बाधते म्हनतात.” अलीकडे त्याला मोबाइलची जोड मिळाली आहे: “आईच्या दुधात जंतू असते म्हने, खरं का?” दोन्ही प्रश्न एकाच घरात भेटले, म्हणून त्या घराबद्दल लिहिते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव. वर्षा नावाच्या सुनेचं बाळ अडीच महिन्यांचं. ती सकाळी आठला वेचणीला जायची आणि दुपारी एकला परतायची. आल्यावर सासूबाईंचा नियम ठरलेला: दोन्ही बाजूंचं दूध पिळून टाकायचं, तासभर सावलीत बसायचं, मग पाजायचं. तोवर बाळाला निम्मं पाणी घातलेलं शेळीचं दूध बाटलीतून, वरून घुटी.

“वेचणी लागायच्या आधी शी कशी होती?”
“पातळच, पन पिवळी. बारीक दाने दाने. आंबूस वास.”
“किती वेळा?”
“सात-आठ खेपा. म्हनून तं आत्याबाई (सासूबाई) म्हने, दूध बाधलं.”
“आणि आता?”
“हिरवट, पान्यावानी. घान वास येते.”

निम्मं उत्तर इथेच होतं. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळी, पातळ, दाणेदार आणि आंबूस असणं ही तब्येत ठीक असल्याची खूण आहे. पहिल्या महिना-दीड महिन्यात ती रोज आठ-दहा वेळा होऊ शकते. पुढे कधी तीन-चार दिवस होतही नाही, आणि वजन वाढत असेल तर दोन्ही चालतं. या घरानं त्या चांगल्या शीला आजार समजून इलाज सुरू केला, आणि इलाजातून खरी हगवण आली. कार्डावरचं वजनही तेच सांगत होतं: आधी रोज २५ ग्रॅमच्या आसपास वाढणारं बाळ गेल्या पंधरवड्यात जेमतेम १५० ग्रॅम वाढलेलं. त्याच दिवशी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. ओआरएस आणि १० मिलिग्रॅम झिंक १४ दिवस, सोबत अंगावर पाजणं चालूच.

सुनेला पटवणं सोपं असतं, पण घरातला नियम तिचा नसतो. म्हणून पुढचं बोलणं चुलीजवळ, सासूबाईंशी झालं. कोणाचा समज मोडायला गेलं की तो आणखी घट्ट होतो. त्या माणसाला जे पक्कं ठाऊक आहे तिथूनच सुरुवात करावी, अशी माझी रीत आहे. सासूबाईंना दही पक्कं ठाऊक होतं.

“विरजण लावलं की दूध नासतं का?”
“नासन कसं? लागते ते. इरजन चांगलं असलं का दुसरं काही त्यात शिरत नाई.”
“आणि विरजण न लावता तसंच ठेवलं तर?”
“मंग कशाचंही होते. कडू होते, तार धरते.”

त्या थांबल्या. सुनेकडे बघितलं. “म्हंजे इच्या दुधातबी इरजनच हाय म्हना!”

“जंतू असतात पण घाबरू नका” असं दहा वेळा सांगून जे झालं नसतं, ते या एका वाक्यानं झालं. आईचं दूध पूर्ण निर्जंतुक असतं, असं डॉक्टरही पूर्वी मानत. २००३ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी निरोगी आयांच्या दुधात लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू दाखवले आणि ती समजूत ढासळली. या दुधात सुमारे दोनशे प्रकारच्या खास साखरा असतात आणि बाळाला त्या पचतच नाहीत. त्या बाळाच्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियम जिवाणूंचं अन्न आहेत. ते त्या खातात, आम्ल तयार करतात, आणि त्या आंबटपणात हगवणीचे जंतू तग धरत नाहीत. शीचा आंबूस वास तिथूनच. वरचं दूध, पाणी किंवा घुटी सुरू झाली की ही वसाहत बदलते आणि बाहेरच्या जंतूंना वाट मिळते.

जंतूंची खरी काळजी कुठे करायची, तेही त्याच घरात दिसलं. बाटलीच्या निपलच्या आतल्या कडेला नखानं खरवडून निघेल असा पांढरा थर होता. घुटीच्या सहाणेच्या खोलगट भागात कालचं जायफळ वाळून चिकटलेलं. जायफळ जास्त झालं की बाळ गुंगतं, मग ओढतच नाही.

राहिला उन्हाचा प्रश्न. शरीर आतून ३७ अंशांच्या आसपासच राहतं, बाहेर कितीही तापलेलं असो. दूध छातीत तापत नाही, नासत नाही. पिळून टाकून तासभर थांबल्यानं बाळ उपाशी राहतं आणि वरच्या दुधानं पोट भरलं की अंगावर कमी ओढतं. मग दूधही कमी बनू लागतं. पण सासूबाईंच्या नियमात एक खरी गोष्ट होती, आणि ती मी मुद्दाम त्यांच्या पदरात टाकली. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडांवर, फवारणी झालेली असते. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते गावाला आठवतं. म्हणून शेतातून आल्यावर हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे, लुगडं-ब्लाउज बदलायचं, छाती साध्या पाण्यानं पुसायची, स्वतः तांब्याभर पाणी प्यायचं आणि लगेच पाजायचं. तासाचा नियम दहा मिनिटांवर आला, आणि तो त्यांचाच राहिला.

सकाळच्या पाच तासांसाठी वर्षा हातानं दूध काढायला शिकली. अंगठा वर, बोटं खाली, स्तनाच्या बोंडापासून तीन-चार सेंटिमीटर मागे. आधी छातीच्या दिशेनं मागे दाबायचं, मग अंगठा-बोटं एकमेकांकडे, मग सैल. बोटं कातडीवरून घासत पुढे आणली की दुखतं आणि दूधही येत नाही. पहिली मिनिट-दोन मिनिटं थेंबच येतात, तिथेच बहुतेक जणी सोडून देतात. उकळून घेतलेल्या स्टीलच्या झाकणाच्या डब्यात ते चार तास टिकतं. घर तापणारं असेल तर मी दोनच सांगते, आणि डबा गार पाण्याच्या परातीत ठेवायला लावते. उकळायचं नाही, वाटी-चमच्यानं पाजायचं, उरलेलं परत डब्यात ओतायचं नाही. दोन तासांपुढे भूक लागली की सासूबाई बाळाला बांधावर घेऊन जायच्या. दिवसात सहापेक्षा कमी वेळा लघवी, शीत रक्त, ताप, अंग गार पडणं, छाती आत ओढली जाणं किंवा पिणंच सोडणं, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका, थेट दवाखाना.

बाटली गेली. पुढच्या पंधरवड्यात वजनाची रेष वर वळली. घुटीचं मात्र पूर्ण जमलं नाही. सहा महिन्यांपर्यंत नको, एवढं त्यांनी कबूल केलं, पण सहाण कुठे ठेवली ते विचारल्यावर दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.